लागतील तेवढ्या काचा

काच ही जगातली एकच अशी वस्तू आहे, की जी नीट असली म्हणजे दिसत नाही, आणि दिसू लागली म्हणजे तिचं काहीतरी बिनसलं आहे असं समजावं. (काही नातेवाइकांबद्दलही असंच म्हणता येईल, पण तो विषय वेगळा.)

त्यामुळे काच पुसणाऱ्याचा धंदा मोठा विलक्षण ठरतो. सुतार खुर्ची देऊन जातो, शिंपी सदरा देऊन जातो, न्हावीसुद्धा निदान मागून आरसा दाखवतो. काच पुसणारा घरात काहीच ठेवून जात नाही. उलट जे होतं तेच घेऊन जातो. आणि या ‘काहीच नाही’चे रोख पैसे मागतो. आता ‘काहीच नाही’चा भाव कसा ठरवावा? मी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांची सूची करण्याचं काम केलं आहे. प्रश्न पडला की पुस्तकाकडे जायचं, तिथे उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या पुस्तकाकडे, ही सवय हाडीमांसी खिळलेली. गव्हाचा भाव कसा ठरतो, सोन्याचा कसा, मजुरीचा कसा, हे सगळं सापडलं. काच पुसण्याचा भाव कुठेच सापडला नाही. बहुधा माझ्या नजरेतून निसटला असेल.

म्हणून प्रत्यक्ष निरीक्षणावर विसंबून लिहितो. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमची इमारत चार मजली. चोवीस घरं, आणि प्रत्येक घराला मोजून बारा तावदानं. दर दोन महिन्यांनी एक गृहस्थ येतात. त्यांना सगळे ‘काचवाले’ म्हणतात. त्यांचं खरं नाव विचारायचं गेली अकरा वर्षं राहून गेलं आहे. ते स्वतःचे मालक, स्वतःचे नोकर, स्वतःचे वसुली अधिकारी आणि तक्रार निवारण कक्षही तेच. (तक्रार केली तर ते ‘बरं’ म्हणतात. निवारण झालं.) भांडवल म्हणजे एक बादली, एक रबरी वायपर, दोन फडकी आणि गच्चीवरून सोडायचा जाड दोर.

त्यांची दर ठरवण्याची पद्धत अशी. पहिल्या भेटीत ते दारात उभं राहून प्यायला पाणी मागतात. पाणी पिता पिता घरभर एकदा नजर फिरवतात. मग परवानगी घेऊन सगळ्या खोल्यांतून हिंडतात, खिडकीच्या चौकटींवरून हात फिरवतात, एखादी खुर्ची उगाचच न्याहाळतात आणि म्हणतात, “लागतील तेवढ्या काचा करतो. चालेल ना?” यावर प्रत्येक जण म्हणतो, “हो हो, करा ना.” मग ते एक आकडा सांगतात. घासाघीस केली तर वाद घालत नाहीत. दोर गुंडाळायला लागतात. गुंडाळलेला दोर हा युक्तिवाद खोडून काढणं अवघड असतं.

ही पद्धत इतकी साधी, जलद आणि निर्विवाद होती, की ती बंद पाडणं इमारतीच्या हिताचं आहे हे लक्षात यायला अकरा वर्षं लागली.

झालं असं, की खजिनदारांची पत्नी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई जिन्यात भेटल्या. बोलता बोलता विषय निघाला. मुख्याध्यापिका बाई काचवाल्यांना शंभर देत होत्या. खजिनदार साडेसहाशे देत होते. घर तेवढंच, तावदानं तेवढीच. त्या दिवशी खजिनदारांच्या घरी कुणी जेवलं नाही असं कळतं. (अधिकृत दुजोरा मिळू शकला नाही, पण कुकरची शिट्टी ऐकू आली नाही हे खरं.)

रविवारी सभा भरली. खजिनदार उभे राहिले आणि म्हणाले, “हा प्रश्न पैशाचा नाही.” तेव्हाच सगळ्यांना कळलं की पैशाचा आहे.

‘काच-स्वच्छता दर सुसूत्रीकरण उपसमिती’ नेमण्यात आली. तीत अध्यक्ष, खजिनदार, मुख्याध्यापिका बाई आणि चिटणीस म्हणून मी. माझं अक्षर बरं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही, या दोन्ही गोष्टी इमारतीत सर्वज्ञात आहेत. त्याच सभेत एका कंपनीचं पत्र वाचून दाखवलं गेलं. गणवेशातली माणसं, यंत्रानं सफाई, वर्षाचा करार, सरसकट घरामागे तीनशे. ठराव असा झाला: उपसमितीनं काचवाल्यांना सगळ्यांसाठी एकच दर मान्य करायला लावावा, जमलं नाही तर काचवाले बंद आणि कंपनी सुरू.

अध्यक्षांनी या सगळ्यात तटस्थ राहण्याचं जाहीर केलं, कारण त्यांचा खर्च शून्य होता. “अकरा वर्षांपूर्वी आले होते माझ्याकडे,” ते म्हणाले. “सगळं घर हिंडले, आणि म्हणाले, ‘साहेब, तुमच्याकडे काम नाही.’ आमच्या काचा मळतच नाहीत मुळी. शिस्त लागते त्याला.” सभेनं टाळ्या वाजवल्या.

मी घरोघर फिरून दर टिपून घेतले आणि कारणमीमांसेचा अहवाल केला. तो नऊ पानांचा झाला. सगळा इथे देत नाही, पण मुख्य निष्कर्ष असे. जे लोक ‘तुम्हीच काय ते योग्य सांगा’ म्हणतात, त्यांना दर जास्त पडतो. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना जास्त पडतो (कुत्रा एकाच घरी आहे). ‘आपलंच घर समजून करा’ असं म्हणणाऱ्यांना थोडा जास्त पडतो, कारण स्वतःच्या घराच्या काचा कोण पुसतं? ‘अहो’ म्हणणाऱ्यांना कमी, ‘ए’ म्हणणाऱ्यांना जास्त, असा माझा कयास होता. पण खजिनदार त्यांना ‘अहो’ म्हणतात, तेव्हा तो मला तळटीपेत टाकावा लागला. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी आढळली. सर्व दर पन्नासच्या पटीत होते. त्यांना सुट्ट्या पैशांची अडचण असावी, असा निष्कर्ष मी काढला आणि तो अधोरेखित केला.

खजिनदारांनी अहवाल वाचला नाही, तोलून पाहिला. मग त्यांनी आपला सिद्धांत मांडला, आणि तो मला आजही निर्दोष वाटतो. “ज्या घराला त्यांनी सर्वांत कमी दर लावलाय, तो दर त्यांना परवडतो हे सिद्ध झालं. बरोबर? मग तोच सगळ्यांना लावा!” अध्यक्षांच्या शून्याने भागाकारात अडचण येते म्हणून ते घर वगळण्यात आलं. राहिला मुख्याध्यापिका बाईंचा शंभर. सगळ्यांना शंभर! खजिनदारांच्या चेहऱ्यावर साडेपाचशेचं हसू उमटलं.

आता एक कबुली द्यायला हवी. सर्वांत कमी दर शंभर नव्हता. पन्नास होता, आणि तो माझा होता.

नोंदवहीत माझ्या घरासमोर मी ‘माहिती संकलन सुरू आहे’ असं लिहून ठेवलं होतं. खरं लिहिलं तर सगळ्या इमारतीचा दर पन्नास झाला असता, म्हणजे बारा तावदानांना पन्नास. आणि काचवाल्यांनी एकदा जिन्यात मला सांगितलं होतं, की त्यांचं निम्मं पोट आमच्या इमारतीवर आहे. त्या पोटाची किंमत माझ्या वहीतल्या एका ओळीएवढी उरली असती. आणि खोटं लिहायचं तर, चाळीस वर्षं ज्या हाताने नोंदी केल्या त्या हाताने खोटी नोंद कशी करायची? आणखी एक गोष्ट, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. एवढी वर्षं मी मनातल्या मनात समजत होतो, की हा पन्नास म्हणजे विद्येचा मान आहे. माणूस सारखा वाचताना दिसतो, तर त्याच्याकडून काय जास्त घ्यायचं, असं त्यांच्या मनात येत असणार. मी यावर थोडा खूशही होतो. कधी कधी बराच.

पुढच्या फेरीला ते आले तेव्हा मी पुस्तक मिटलं. हे इतकं अनपेक्षित होतं, की त्यांनी बादली खाली ठेवली.

“आजोबा, बरं नाही का?”

“नाही, तसं नाही. एक विचारायचं होतं. तुम्ही माझ्याकडून पन्नासच का घेता?”

“एकच काच पुसतो म्हणून.”

मला वाटलं ते गंमत करताहेत. “इथे बारा आहेत ना?”

“आहेत की. पण तुमची ही एकच.” त्यांनी माझ्या खुर्चीमागच्या तावदानाकडे बोट केलं. “पुस्तकावर उजेड पडतो ना हिच्यातून? मग झालं. बाकीच्यांतून तुम्ही कुठं बघता?”

मी उठलो आणि शेजारच्या तावदानापाशी गेलो. ते राखाडी होतं. त्याच्यापुढचंही. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे असं मी चार वर्षं समजत होतो, आणि डॉक्टर तसं नाही म्हणत होते म्हणून डॉक्टर बदलणार होतो.

“अहो, पण तुम्ही हे आधी सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं. लागतील तेवढ्या करतो म्हणालो. तुम्ही मान हलवलीत. पान उलटलंत.” ते चौकटीशी आले. “हे बघा. माणूस खिडकीत उभा राहतो ना, तर कोपर टेकतो. टेकून टेकून रंग जातो. पडद्याची कड एकाच जागी मळते. खुर्चीचं तोंड तिकडं असतं. तेवढ्या काचा करायच्या. काचेमागं पन्नास. उगाच बाराचे पैसे कशाला घ्यायचे, तेवढ्यांतूनच तर बघतात लोक.”

“आणि खजिनदार?”

“ते बारा. रोज बोट फिरवतात बाराच्या बारांवर. काचेतून बघत नाहीत, काचेकडं बघतात. पण बघतात ना? मग घ्यावे लागतात. आणि मी करत असताना खाली उभं राहून बघतात, त्याचे पन्नास वेगळे.”

मी मनात हिशेब केला. बारा पन्नास सहाशे, आणि पन्नास. माझा नऊ पानांचा अहवाल डोळ्यांपुढे आला, कुत्र्यासकट.

“म्हणजे सगळ्या इमारतीत एकच दर आहे?”

“दोन कशाला असतील?” ते म्हणाले आणि दोर घेऊन वर गेले.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. मला चौघांसमोरही बोलता येत नाही, म्हणून जे सांगायचं ते कागदावरून वाचलं: माझा दर पन्नास, कारण एकच काच, समितीला हवा असलेला एकसारखा दर आधीपासूनच अस्तित्वात आहे, तेव्हा काम संपलं. मला वाटलं प्रश्न सुटला. पण सुटलेला प्रश्न ही समितीसाठी फार धोक्याची अवस्था असते.

“म्हणजे तो लोकांच्या काचा पुसतच नाही?” खजिनदार ओरडले. “मोजा! घरोघर जाऊन मोजा! तावदान-गणना झाली पाहिजे!” त्यांना आनंद कशाचा झाला हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. साडेसहाशे देऊन आपल्याला बारा मिळताहेत आणि इतरांना मिळत नाहीत, हे सिद्ध होणार होतं.

गणना रविवारी सकाळी दहाला सुरू झाली. मी वही धरली होती. रकाने तीन: ‘पुसलेली’, ‘न पुसलेली’, ‘शेरा’. शेऱ्याचा रकाना ठेवायला नको होता असं आता वाटतं, पण वही रिकामी दिसते म्हणून ठेवला.

आदर्श म्हणून पहिलं घर अध्यक्षांचं घेतलं. बारापैकी पुसलेली शून्य. काचा इतक्या जुन्या धुळीच्या होत्या, की एकीवर अध्यक्षांच्या मुलाने लहानपणी बोटाने काढलेलं जहाज अजून दिसत होतं. मुलगा आता बँकेत आहे. अध्यक्ष म्हणाले, “या काचा मुळातच धुरकट आहेत. तशाच मागवल्या होत्या. महाग पडल्या.” मी तसा शेरा लिहिला.

खजिनदारांकडे बाराच्या बारा. ते प्रत्येक काचेजवळ थांबून आमच्या चेहऱ्यांकडे बघत होते. तिसरं घर एका जोडप्याचं. हॉलच्या सगळ्या काचा मळक्या, आणि पुसलेली तीन तावदानं नेमकी वाहनतळावर उघडणारी.

“तुम्ही इथे उभे राहता?” बायकोने नवऱ्याला विचारलं.

“मी? मला वाटलं तू राहतेस.”

“मी कशाला गाड्या बघू?”

हा संवाद पुढे बराच वेळ चालला, पण आम्ही चौथ्या घरी गेलो होतो. चौथ्या घरी दोन निघाली, आणि त्या दोन्हींमधून समोरच्या इमारतीतला एकच फ्लॅट दिसत होता. कोण राहतं विचारलं तेव्हा घरातल्या तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली. पाचव्या घरी चार, सहाव्या घरी तीन. शेऱ्याचा रकाना भरत चालला आणि माझं अक्षर बारीक होत गेलं.

सातवं घर मुख्याध्यापिका बाईंचं. एक तावदान पुसलेलं होतं ते हॉलमध्ये, पाहुण्यांच्या समोर येणारं. दुसरं निजायच्या खोलीत. त्यातून समोरच्या गल्लीतली एक पिवळी बाल्कनी दिसत होती. तिथे कोण राहतं हे विचारायची गरज नव्हती. बाईंचा मुलगा आणि सून तिथे राहतात आणि सहा वर्षं त्यांचं बाईंशी बोलणं नाही, हे पोस्टमनलासुद्धा माहीत आहे. “मी त्या दिशेला बघतसुद्धा नाही,” असं बाई पाण्याच्या टाकीबद्दलच्या प्रत्येक बैठकीत सांगत आल्या आहेत, कुणी विचारलं नसतानाही.

चौकटीवरचा रंग दोन ठिकाणी गेला होता. कोपरं एकमेकांपासून साधारण एका हातावर.

“लिहा,” बाई मला म्हणाल्या. “दोन पुसलेली, दहा न पुसलेली. शेरा काही नाही.” मी शेरा काही लिहिला नाही.

आठवं घर आमचं. माझं एक तावदान माहीत होतंच. मी ते घरी येण्याआधीच नोंदवून ठेवलं होतं. पुसलेली एक, न पुसलेली अकरा. पण खजिनदार कामात चोख माणूस. ते स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच ओरडले, “इथे अजून एक आहे हो!”

होतं. ओट्याच्या शेजारचं, छोटं, लखलखीत.

सूनबाई भांडी लावत होती. “त्याचे पन्नास मी वेगळे देते, बाबा,” ती म्हणाली. “माझ्या पैशांतून.”

“कधीपासून?” मी विचारलं.

“लग्न झाल्यापासून.”

म्हणजे अकरा वर्षं. खजिनदारांनी काचेला नाक लावून बाहेर पाहिलं. “इथून काय दिसतं? पाण्याची टाकी. आणि त्या टाकीच्या वर थोडं आकाश. मग एवढं चकचकीत पुसून घ्यायचं कशाला? काय बघता तुम्ही इथून?”

सूनबाईने हात पुसले, मग पुसलेलेच हात पुन्हा पुसले. मी चौकटीकडे पाहिलं. तिथला रंग गेला होताच, खाली लाकूडही थोडं खोलगट झालं होतं. त्या खोलीपासून माझी खुर्ची चौदा पावलांवर आहे. दोन पुस्तकांच्या मध्ये मी पाणी प्यायला तिथे जातो.

“चिटणीस, लिहा,” खजिनदार म्हणाले. “शेऱ्यात प्रश्नचिन्ह टाका.”

“शाई संपली,” मी म्हणालो.

(माझ्या हातात पेन्सिल होती.)

खजिनदारांनी पेन्सिलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई तीस वर्षं ज्या आवाजाने वर्ग गप्प करत आल्या त्या आवाजात म्हणाल्या, “शाई संपली म्हणताहेत ना ते? मग संपली.”

गणना तांत्रिक कारणास्तव स्थगित झाली. तपासलेली घरं आठ, तावदानं शहाण्णव, पुसलेली अठ्ठावीस. उरलेल्या सोळा घरांतून त्याच दुपारी एकेक जण येऊन गेला, आणि आपल्याला काचवाल्यांच्या कामाबद्दल संपूर्ण समाधान असल्याचं सांगून गेला. काहींनी लेखी दिलं. चौथ्या घरातल्या तिघांनी तर तीन वेगळी पत्रं दिली.

पुढच्या रविवारी ठराव झाला: दर ठरवण्याची प्रचलित पद्धत शास्त्रीय, पारदर्शक व सर्वमान्य असल्याने तीत कोणताही बदल करू नये, कंपनीचं पत्र दप्तरी दाखल करावं, गणनेची वही चिटणिसांनी सुरक्षित ठिकाणी ठेवावी. (मी ती पुस्तकांच्या मागे ठेवली. आमच्या घरात तेवढी सुरक्षित जागा दुसरी नाही.) ठराव अध्यक्षांनी मांडला, आणि सगळ्यांच्याच बारा लख्ख झाल्या तर आपल्या बारांत विशेष काय राहिलं, म्हणून खजिनदारांनी अनुमोदन दिलं. कंपनीची माणसं सगळ्याच काचा पुसतात हे कळल्यावर तिच्या बाजूने बोलायला कुणी उरलं नव्हतं.

काचवाल्यांना यातलं काहीच सांगितलं गेलं नाही. त्यांना गरजही नव्हती. दोन महिन्यांनी ते नेहमीप्रमाणे आले, आणि मी धीर करून म्हणालो, “या वेळी अजून एक काच करा. ही शेजारची. मी शंभर देईन.”

त्यांनी चौकटीवरून हात फिरवला. रंग जसाच्या तसा होता.

“आधी बघायला तर लागा, आजोबा,” ते म्हणाले. “मग पुसतो. उगाच पैसे घेत नाही मी.”

तेव्हापासून रोज थोडा वेळ मी त्या मळक्या काचेपाशी उभा राहतो. बाहेर काय आहे ते अजून नीट कळलेलं नाही. रंग जायला बराच काळ लागेल असं दिसतं, आणि माझ्यापाशी तेवढा आहे की नाही याची खात्री नाही.

वाचकांना मात्र घाई करण्याचं कारण नाही. काचवाले आता आसपासच्या इमारतींतही कामं घेऊ लागले आहेत असं ऐकतो. तुमच्याकडेही कधीतरी येतील. पाणी मागतील, घर हिंडतील, चौकटींवरून हात फिरवतील. दर पन्नासच आहे, घासाघीस करू नका. आणि सगळं बघून झाल्यावर ‘तुमच्याकडे काम नाही’ असं ते म्हणाले, तर पैसे वाचले म्हणून तुम्हाला आनंद होईल. त्यात संकोच वाटून घेऊ नये. आमच्या अध्यक्षांनाही झाला होता.